लातूरला घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय : बोअरचं पाणी, लाइट कमीजास्त, बजेट ३५ हजार

गंजगोलाई, लातूर

नमस्कार मंडळी. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली, आता सासऱ्यांच्या तब्येतीमुळं आम्ही दोघं लातूरला परत आलोत. काम घरूनच चालतं. बाकी सगळ्याची सवय झाली, कॉफीची काही होईना. बाहेर मिळते ती दुधात फेटलेली इन्स्टंट. संध्याकाळी ठीक आहे, पण सकाळी नऊच्या मीटिंगआधी ती माझ्या कामाची नाही.

घरात पिणारे असे : मी काळी, छोटी, बिनसाखरेची, म्हणजे एस्प्रेसो. नवरा कॅपुचिनो. सासूबाईंना लग्नात मिळते तशी फेसाळ, वर चॉकलेटची पावडर भुरभुरलेली. सासरे चहा सोडून कशाला हात लावत नाहीत, त्यांना मोजू नका.

बजेट सगळं मिळून ३५ हजार. ऑनलाइन बघून डोकं फिरायची वेळ आली. एकावर १५ बार (दाबाचं माप) लिहिलंय, दुसऱ्यावर २०, पाच-सहा हजारांच्या एकावर साडेतीन की चार. ग्राइंडर आतच बसवलेलं मशीन घ्यावं का? अमेरिकेतला चुलतदीर दिवाळीत येणार आहे, त्याच्याकडून मागवावं का? आणि बिघडलं तर लातुरात कोण बघणार? पाणी म्हणाल तर नळाला रोज येत नाही, बाकी बोअर. प्यायला आरओ आहे.

सिडको एन-६, छत्रपती संभाजीनगर

ताई, सरळ कॅप्सूलचं मशीन घ्या. पूड भरलेली बंद कॅप्सूल टाकली, बटण दाबलं, कप धुतला, संपलं. दळणं नाही, वजन नाही, सांडलवंड नाही. आमच्याकडं तेच आहे आणि ऑफिसला निघायच्या घाईत दुसरं काही जमलं नसतं. कप महाग पडतो आणि कॅप्सूल संपली की पार्सलची वाट बघावी लागते, एवढं मात्र खरं.

सेलूचा रिवाइंडर

ताई, राम राम. सेलूला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर बोअरच्या जळालेल्या पाणबुड्या मोटारी उघडायच्या, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुनं एका बॉयलरचं एस्प्रेसो मशीन ठेवलंय. गिऱ्हाईक मोटार कधी मिळंल विचारायला येतं आणि कॉफी पिऊन जातं. म्हणून जे सांगतो ते तारा-कॉइलवाल्याच्या नजरेनं सांगतो, चवीतलं बारीक इतरांना विचारा.

ब्रँड नंतर. आधी मला दोन आकडे पाहिजेत : घरात सकाळी आणि संध्याकाळी व्होल्टेज किती येतं, आणि तुमच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, किती. पुण्या-मुंबईचे लोक मशीनच्या याद्या देतात, त्यांच्या नळाला धरणाचं गोड पाणी आणि लाइट सरळ २३०. आपल्याकडं मशीन कंपनीच्या दोषानं मरतात त्याहून जास्त पाण्यानं आणि लाइटीनं मरतात.

आता बारचं. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब लागतो. डब्यावरचे १५ आणि २० म्हणजे पंप बंद तोंडावर जास्तीत जास्त किती रेटू शकतो तो आकडा. आपल्या मोटारीचं हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवते तो आकडा, बघा, पाटीवर मोठ्ठं लिहिलेलं असतं, शेतात तेवढ्या उंचीवर पाणी थेंबथेंब येतं. बऱ्या मशीनमध्ये एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तो जास्तीचा दाब परत टाकीत सोडतो. त्यामुळं २० लिहिलेलं १५ पेक्षा भारी, असं काही नाही.

साडेतीन-चार बारवाली स्वस्तातली मशीन मात्र वेगळी जात. त्यात पंपच नसतो. बंद भांड्यात पाणी उकळतं आणि वाफ ते ढकलते. पाणी उकळीला टेकलेलं, दाब निम्म्याहून कमी, कॉफी कडू उतरते. गंमत अशी की १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरानं पेटंट घेतलं ते मशीनसुद्धा वाफेच्या दाबावरच चालायचं, म्हणजे पाच हजार देऊन तुम्ही सव्वाशे वर्षांपूर्वीची पद्धत घरी आणता. अकिले गॅजियाच्या दांड्याच्या मशीननं दुसऱ्या महायुद्धानंतर दाब वाढवला, तेव्हा कॉफीवर तो सोनेरी फेस आला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ नं दांड्याच्या जागी मोटारीचा पंप लावला. आमच्या धंद्याची माणसं कॉफीत शिरली ती तिथून. वाफेचं मशीन कुणी फुकट दिलं तर घ्या, पण त्याचं झाकण गरम असताना लेकरांना हात लावू देऊ नका.

लाइटीचा हिशेब नीट बघा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशेबानं पडते. १३०० वॉटचं मशीन २३० वर १३०० देतं, पण १८० वर जेमतेम ८००. कॉफी उतरवायला ८०० पुरतात, कारण पाणी थोडं आणि सावकाश जातं. मार खाते ती वाफ. दूध तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो, वाफ ओली येते, फेस मोठमोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि नवरा म्हणतो मशीन भंगार आहे. घरातल्या मशीनमध्ये जो कंपनाचा पंप असतो, घर्र्र करून वाजतो तो, त्याचाही जोर कमी व्होल्टेजला घसरतो. घरच्या ८५०-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावायचं नाही, लाइट गेली तर गेली. आणि पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर लावा. सहाच्या पॉइंटला १३०० वॉट म्हणजे काठोकाठ भरलं. मल्टिप्लगमध्ये मिक्सरसोबत तर नकोच.

म्हणून चुलतदिराकडून मागवू नका. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं (हर्ट्झ म्हणजे विजेचे सेकंदाला हेलकावे), आपली लाइट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. खाली उतरवायला दीड-दोन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवावा लागंल, त्याचं वजन मशीनपेक्षा जास्त. आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. कंपनाचा पंप हर्ट्झवर चालतो, ६० वाला ५० वर सुस्त होतो. दिराला हाताचा ग्राइंडर आणायला सांगा, त्याला वायर नसते.

ग्राइंडरवरून आठवलं, सगळ्यात मोठा मुद्दा तोच. पस्तीसपैकी दहा-बारा हजार आधीच ग्राइंडरला बाजूला काढा. पातं फिरणारा मिक्सर बिया फोडतो, त्यात काही पीठ आणि काही रवा. एस्प्रेसोला एकसारखं दळण पाहिजे, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमधून जाणारं. त्याला बर ग्राइंडर म्हणतात. हाताचा घेतला तर दळण जाड-बारीक करायच्या दोन खुणांमधलं अंतर अगदी बारीक असलेला घ्या. फिल्टर कॉफीसाठी काढलेल्या कित्येक हाताच्या ग्राइंडरांत एक खूण सरकवली की कॉफी उतरायचा वेळ चाळीस सेकंदांवरून पंधरावर येतो, मधलं काही मिळतच नाही. आतच ग्राइंडर असलेलं मशीन तुमच्या बजेटात येणार नाही. आलं तर कुठंतरी कात्री लावूनच आलेलं असंल. शिवाय एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात.

तुमचे आकडे आले की पुढं सांगतो.

गोदाकाठ, नांदेड

रिवाइंडरदादांनी लाइटीचं इतकं लिहिलं, मग लाइटच कशाला? मी फ्लेअर वापरते. दांडा दाबायचं हाताचं मशीन आहे. गॅसवर पाणी उकळायचं, ओतायचं, दांडा दाबायचा. गेजवर काटा ६ ते ९ मध्ये ठेवला की बास. पंप नाही, हीटर नाही, क्षार साचायला जागाच नाही. बिघडण्यासारखं म्हणजे रबरी रिंगा. माझी दवाखान्याची वेळ सकाळी आठची आणि आमच्याकडं लाइट नेमकी साडेसातला जाते, तरी कॉफी चुकत नाही. एरवी भांडं आधी तापवून घ्यावं लागतं. मे महिन्यात नांदेडला तेवढीही गरज नाही, ओट्यावर ठेवलं तरी तापतं.

दुधाला वाफ मिळत नाही, हे आधीच सांगते. मी फ्रेंच प्रेसमध्ये गरम दूध वरखाली करून फेस काढते. कॅपुचिनोला चालतो.

गंजगोलाई, लातूर

दादा, आकडे घ्या. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर आणलं. सकाळी सहाला २२८, संध्याकाळी सातला १८४. आरओचा टीडीएस ४२, बोअरचा ८७०. बोअरचं पाणी मशीनला घालणार नाहीच, पण ४२ चं पाणी म्हणजे एकदम उत्तम ना?

गोदाकाठ ताई, हाताचं मशीन मला आवडलं, पण सकाळी तीन कप तीन तऱ्हांचे काढायचे म्हणजे मी मीटिंगला घामाघूम पोचणार.

सेलूचा रिवाइंडर

सकाळचं २२८ ऐकून बरं वाटलं. तुमची कॉफी सकाळची, म्हणजे वाफेची काळजी मिटली. संध्याकाळी पाहुणे आले तर दूध जरा सावकाश तापंल. एप्रिलमध्ये कूलर सुरू झाले की परत मोजा. स्टॅबिलायझर घ्यायचाच असंल तर व्होल्टेज वाढवायला नको, हाय-कटसाठी घ्या, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की लाइन तोडायला. खांबावर न्यूट्रल सैल झाला की घरात तीनशेच्या वर येतं. पावसाळ्यात अशी जळालेली टीव्ही-फ्रीजची बोर्डं माझ्याकडं ढिगानं येतात. एसीचा ४ केव्हीएचा पडून असंल तर तोच चालंल. दोन केव्हीएच्या खालचा नको.

आता ४२ चं. प्यायला हलकं लागतं म्हणून लोक खूश असतात, कॉफीला ते जरा रितं पडतं. पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की कॉफी नीट उतरते, नाहीतर चव सपाट. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या मापात १५० च्या आसपास टीडीएस धरलेला आहे, ७५ ते २५० पर्यंत मान्य. तुमच्या आरओमध्ये टीडीएसचा स्क्रू असंल, बहुतेकांत असतो. मिस्त्रीला सांगून तो नव्वद-शंभरवर आणून घ्या. हातानं कच्चं बोअरचं पाणी मिसळत बसू नका. घरातल्यांना प्यायलाही शंभर काही वाईट नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं सरकारी मानक, आयएस १०५००, ५०० पर्यंत बिनशर्त चालतं म्हणतं.

एक ध्यानात ठेवा, टीडीएसचं मीटर क्षार किती ते सांगतं, कोणते ते सांगत नाही. मशीनचा वैरी कॅल्शियमचा. आपल्या काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात तो भरपूर. तुमचा गीझर कधी उघडला असंल तर आत पांढरी खडी बघितली असंल, तीच मशीनच्या आत धरते. थर्मोब्लॉकच्या मशीनमध्ये पाणी बारीक नळीतून जाता जाता तापतं, म्हणून ते लवकर गरम होतं, पण नळी बारीक असल्यानं बुजतंही लवकर. बॉयलरवाल्यात जागा जास्त आणि माझ्यासारख्याला उघडून साफ करता येतं. तुमच्याकडं आरओ आहे म्हणून थर्मोब्लॉक चालंल. जारच्या पाण्यावर असता तर आधी जार मोजायला लावला असता. दोन-तीन महिन्यांनी लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून मशीनमधून काढा, मग साध्या पाण्यानं दोन टाक्या धुवा. लिंबूसत्व किराण्यात मिळतं, कंपनीची महागडी बाटली पाहिजेच असं नाही. व्हिनेगर नको, वास जात नाही.

गोदाकाठ ताईंचं मशीन एकट्या काळी कॉफी पिणाऱ्या माणसासाठी माझ्याही वर आहे, हे कबूल. पण तुमच्या घरात दोन दुधवाले. तुम्हाला पंप आणि वाफेची नळी पाहिजे.

म्हणून माझं मत : डेलाँगीच्या डेडिकासारखं साधं थर्मोब्लॉकचं. १५ सेंटिमीटर रुंद, ओट्यावर डब्यांच्या रांगेत मावतं. सोबत येते ती पूड भरायची जाळी दुहेरी तळाची असते. तिला खाली एकच बारीक भोक, त्यातून कसलीही शिळी पूड घाला, फेस येतो. सुरुवातीला तीच वापरा, घाबरायचं कारण नाही. ग्राइंडरवर हात बसला की ५१ मिलिमीटरची एकेरी तळाची जाळी आणि तिला बसणारा दांडा (जाळी धरणारी मूठ) वेगळा घ्या. खरी चव तिथून. सोबत दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पाहिजेच. साधारण १५ ग्रॅम पूड, ३० ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. पंधरा सेकंदांत धो-धो आली आणि आंबट लागली तर बारीक दळा, थेंबथेंब आली आणि कडू लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

गॅजिया क्लासिक, रान्चिलिओ सिल्व्हिया ही नावं लोक घेतील. ५८ मिलिमीटरच्या जाळीची, बॉयलरवाली, माझ्या हाताला सोपी, पंपसुद्धा बऱ्याच मशीनला चालणारा. पण त्यात तुमचं सगळं बजेट जाईल आणि मग तुम्ही मिक्सरवर दळाल. ते नको.

दुरुस्तीचं : घेण्याआधी कंपनीला फोन करून एवढंच विचारा की लातूरच्या पिनकोडला माणूस येतो का, नसंल तर मशीन कुठं पाठवायचं आणि पाठवणावळ कुणाची. उत्तर गोलगोल आलं तर पुढचा ब्रँड. डबा आणि आतला थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.

देवणीप्रेमी, उदगीर

दुधाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो, घरी जनावरं आहेत. म्हशीचं दूध सहा-सात फॅटचं, त्याचा फेस जड बसतो आणि कॉफी दबते. गाईचं घ्या. आमच्या भागातली देवणी, नाहीतर कंधारकडची लाल कंधारी, दोन्ही चालतात. आपण दूध तापवूनच ठेवतो, तर ते फ्रीजमध्ये पुरतं गार करा, साय काढा आणि गाळून घ्या. सायीचा तुकडा वाफेच्या नळीत अडकला की सुई घेऊन बसावं लागतं. दूध जितकं गार तितका फेस करायला वेळ मिळतो. भांडं बाहेरून हाताला सहन होईना झालं की थांबा, ते साठ-पासष्ट अंशांच्या आसपास असतं. सत्तरच्या पुढं गेलं की गोडी जाते. आणि नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसून एकदा वाफ सोडा, नाहीतर दूध आत ओढलं जातं आणि वास सुटतो.

सासूबाईंच्या कॉफीला एस्प्रेसो वाया घालवू नका. इन्स्टंट आणि साखर चमच्याभर पाण्यात फेटा, वरून वाफेचं दूध, वर चॉकलेट पावडर. लग्नातला आचारीही तेच करतो.

गोदाकाठ, नांदेड

बियांचंही ठरवा. एस्प्रेसोला भाजल्यानंतर आठवडाभर थांबून पुढच्या तीनेक आठवड्यांत संपवलेल्या बिया छान लागतात. मी नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनकडून मागवते, लांब पडत नाही. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, नुसती एक्स्पायरी लिहिली असंल तर सोडून द्या. उन्हाळ्यात पार्सल कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात तापत पडतं, म्हणून एप्रिल-मेचा साठा मार्चमध्येच मागवून आठवड्याच्या छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरला टाकते. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड मशीनमध्ये घालू नका, जाळी चोंदते. दुधातल्या कॉफीसाठी थोडा रोबस्टा (कॉफीची एक जात) असलेलं मिश्रण बघा, फेस दाट येतो आणि दुधात चव हरवत नाही. आपल्या देशात पिकते त्यात रोबस्टाच जास्त, कमीपणा मानू नका.

गंजगोलाई, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्री उद्या आरओचा स्क्रू फिरवायला येतोय. डेडिकाबद्दल कंपनीला फोन लावला, माणूस लातूरला येतो म्हणाले, लेखी मागितलंय.

आता नवीन त्रांगडं. नवऱ्याच्या मित्राचा संभाजीनगरचा कॅफे बंद झाला. दोन दांड्यांचं इटालियन मशीन ‘चाळीस हजारांत घेऊन जा’ म्हणतोय, नवीन लाखांत येतं म्हणे. नवरा हरखलाय. दादा, काय करू?

सेलूचा रिवाइंडर

नवरोबांना आधी ओट्याची लांबी मोजायला सांगा. दोन दांड्यांचं मशीन म्हणजे तीन-चार किलोवॉट. त्याला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि पाण्याचा पंप पाहिजे. बॉयलर दहा-अकरा लिटरचा, तापायला अर्धा तास. तीन कपांसाठी रोज एवढं पाणी तापवायचं म्हणजे मीटर नुसतं पळंल. शिवाय कॅफेत कोणतं पाणी वापरलं ते कुणी खरं सांगणार नाही. बॉयलर दाबाखालचा असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय ते घरात चालू करायला मीसुद्धा धजणार नाही, आणि मी रोज बंद पडलेल्या मोटारी चालू करून खातो.

पण कॅफे होता म्हणजे ग्राइंडरही असंल. मशीन राहू द्या, त्याची किंमत विचारा. चकत्या घासलेल्या असल्या तरी नव्या मिळतात, मोटार मी बघतो. अट एकच, सिंगल फेजचा पाहिजे. दहा-बारा हजारांत बसला तर हाताच्या ग्राइंडरची गरजच राहणार नाही. मित्राला म्हणावं ग्राइंडरच्या बुडाला पत्र्याची पट्टी आहे, व्होल्ट, वॉट, फेज लिहिलेली. तिचा फोटो इथं टाका.